दोनच कंपन्या उरल्या की रिचार्ज महाग का होतो

जून २०२४ चा शेवटचा आठवडा आठवतोय का? २७ तारखेला जिओने सांगितलं की रिचार्ज महाग होणार, २८ ला एअरटेलने सांगितलं आमचेपण होणार, आणि दोघांचेही नवे भाव ३ जुलैपासूनच लागू. व्हीआयने म्हणजे व्होडाफोन आयडियाने पण २८ लाच जाहीर केलं, त्यांचे ४ जुलैपासून. जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा प्लॅन २३९ चा २९९ झाला, एअरटेलचा सगळ्यात साधा १७९ चा होता तो १९९ झाला. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की हे आतून मिळालेले आहेत, एकमेकांना फोन करून ठरवतात आणि मग आपल्याला सांगतात. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. नंतर हा विषय नीट वाचत गेलो तेव्हा कळलं की बाजारात दोनच मोठे उरले की त्यांना एकमेकांना फोन करायची गरजच राहत नाही, आणि मला तर ही गोष्ट संगनमतापेक्षा जास्त काळजीची वाटते, का ते पुढे सांगतो.

आधी मोबाईल बाजूला ठेवू आणि एसटी स्टँडवर जाऊ. एप्रिल महिना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रसवंती, ग्लास २० रुपये, दोघांचे दिवसाला शंभर-शंभर ग्लास जातात. आता एकाने विचार केला की आपण १५ करू, समोरच्याची गिऱ्हाईकं ओढू. पाटी बदलली. समोरचा काय आंधळा नाहीये, त्याला रस्त्यापलीकडची पाटी दिसते, अर्ध्या तासात त्याने पण १५ केले. गिऱ्हाईकं होती तिथेच राहिली, शंभर-शंभर, आणि दोघांचे रोजचे ५०० रुपये गेले. असं एकदा झालं, दोनदा झालं, की पुढच्या सीझनला दोघांपैकी कोणी पाटीला हात लावत नाही. उलट बर्फ महाग झाला की एकजण २५ ची पाटी लावतो आणि वाट बघतो. समोरच्याने पण २५ केले तर ठीक, नाही केले तर हा संध्याकाळी गुपचूप २० वर येतो. बहुतेक वेळा समोरचा करतोच, कारण त्याच्यापण फायद्याचं आहे. एक शब्द न बोलता भाव ठरला.

आता तिथे तिसरा आला, कोपऱ्यावर. त्याचे दिवसाला दहाच ग्लास जातात. त्याने १५ केले तर त्याचं नुकसान किती? फक्त ५० रुपये, आणि मिळाली तर दीडशे-दोनशे गिऱ्हाईकं मिळणार आहेत. म्हणजे भाव पाडायला कारण असतं ते ज्याच्याकडे गमवायला कमी आहे त्याला. ज्याच्याकडे आधीच शंभर गिऱ्हाईकं आहेत तो भाव पाडतो तेव्हा नव्या गिऱ्हाइकासाठी फक्त पाडत नाही, त्या जुन्या शंभर जणांसाठीपण पाडतो, हे गणित डोक्यात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्यावरच उभी आहे.

यावर अभ्यासक लोक पावणेदोनशे-दोनशे वर्षं भांडतायत. कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये दोन झऱ्यांचे दोन मालक धरले, दोघेही पाणी विकतात, प्रत्येकजण किती पाणी काढायचं ते समोरच्याकडे बघून ठरवतो. त्याचं उत्तर असं आलं की दोघं असतील तर भाव एकट्याच्या मक्तेदारीपेक्षा कमी राहतो पण खूप विक्रेते असताना जेवढा असता त्याच्यापेक्षा जास्तच राहतो. मग १८८३ मध्ये बर्ट्रांड नावाचा दुसरा फ्रेंच गणितज्ञ म्हणाला की असं काही नाही, दोघं एकमेकांचा भाव कापत कापत खर्चापर्यंत खाली येतील, दोन असले तरी पुरे. गंमत म्हणजे आपल्या मोबाईलच्या इतिहासात दोघांचंही खरं झालेलं दिसतं, फक्त वेगवेगळ्या काळात.

आपल्याकडे मोबाईल सुरू झाला तोच दोघांच्या बाजाराने, हे आता फार कमी जणांना आठवतं. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा सरकारचं धोरणच असं होतं की एका सर्कलमध्ये दोनच खाजगी कंपन्यांना लायसन्स. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स, म्हणजे ज्याचं पुढे ऑरेंज, मग हच आणि मग व्होडाफोन झालं तेच. महाराष्ट्र-गोव्यात जे दोघं होते त्यातले एक बिर्ला, त्याचंच पुढे आयडिया झालं. भाव मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आणि इनकमिंगलाही पैसे. फोन आला की लोक नंबर बघून कट करायचे आणि पीसीओवरून फोन लावायचे. भाव इतका होता त्याला लायसन्सची भली मोठी फी हेही कारण होतंच, पण तिसरा कोणी नव्हता हेपण होतं.

१९९९ च्या नव्या धोरणाने फी कमाईच्या टक्केवारीत घ्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्याला दार उघडलं. २००१ मध्ये मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची मोबाईल सेवा आली, ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची, डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००९ मध्ये टाटा डोकोमो आलं एका सेकंदाला एक पैसा घेऊन, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ६१ सेकंदाच्या कॉलला दोन मिनिटांचे पैसे घेतले होते त्यांनापण काही महिन्यांत सेकंदावर यावं लागलं. बघा, कोपऱ्यावरचा रसवंतीवाला. नवीन होता, गमवायला काही नव्हतं. त्या काळात एकेका सर्कलमध्ये दहा-दहा कंपन्या होत्या, युनिनॉर, एअरसेल, व्हिडिओकॉन, एमटीएस, लूप, आणि पानाच्या टपरीवर सिमकार्डं मिळायची.

खरं सांगायचं तर दहा कंपन्यापण जास्तच होत्या. स्पेक्ट्रमचे, म्हणजे सिग्नल ज्यावरून जातो त्या लहरींचे, इतके तुकडे झाले की कोणाचंच नेटवर्क धड नव्हतं. त्यात लायसन्स वाटपावरून २जी चं प्रकरण झालं आणि २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली, तिथूनच गळती सुरू झाली.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. कॉल फुकट, सुरुवातीला डेटापण फुकट, आधी डिसेंबरपर्यंत आणि मग वाढवून मार्च २०१७ पर्यंत. त्याआधी १ जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजलेले आपण सगळेच आहोत. हा बर्ट्रांडचा काळ, भाव कापत कापत तळाला. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की हे फुकट वाटणं बेकायदा आहे, आयोगाने २०१७ मध्ये ती फेटाळली, कारण सोपं होतं: जिओ नवीन आहे, त्याचं बाजारावर वर्चस्व नाही, आणि ज्याचं वर्चस्व नाही त्याने स्वस्त विकलं तर कायदा आड येत नाही. गिऱ्हाईक म्हणून आपला प्रचंड फायदा झाला हे मी शंभर वेळा म्हणेन. कोणाच्या शेतातल्या पोराने यूट्यूबवर बघून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, कोणाच्या आजीने अमेरिकेतल्या नातवाला रोज बघितलं, ते त्या भावाशिवाय झालं नसतं.

पण खर्चाखाली विकण्याची लढाई टिकते ती ज्याचा खिसा खोल त्याचीच. रिलायन्स कम्युनिकेशन्स बंद पडली, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर एअरटेलने घेतली, टाटांचा मोबाईल धंदापण एअरटेलमध्ये गेला. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या आणि त्या दिवशी त्या देशातल्या सगळ्यात मोठ्या होत्या, ४० कोटींच्या वर गिऱ्हाईकं. मला तेव्हा वाटलं होतं, चला, तीन तगडे उरले, काही वाईट नाही.

वर्षभरानंतर २४ ऑक्टोबर २०१९ ला एजीआरचा निकाल आला. हे एजीआर म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो, कारण खूप जणांना वाटतं तो काहीतरी घोटाळा होता. कंपन्या आपल्या कमाईचा ठराविक हिस्सा सरकारला लायसन्स फी म्हणून देतात. कमाई कशाला म्हणायचं? कंपन्या म्हणायच्या फक्त फोनच्या धंद्याची. सरकार म्हणायचं नाही, भाडं, व्याज, भंगार विकून आलेले पैसे, सगळंच धरायचं. हे भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं आणि तोपर्यंत मीटर पडत राहिलं. कोर्टाने सरकारचं म्हणणं मान्य केलं, आणि लायसन्स फीची जी सुमारे ९२ हजार कोटींची थकबाकी निघाली त्यातली मुद्दल जेमतेम पाव हिस्सा होती, बाकी सगळं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. सरकारच्या हिशेबाने स्पेक्ट्रम वापरण्याची फीपण धरून व्हीआयच्या डोक्यावर एकूण ५८ हजार कोटींच्या वर आले, एअरटेलच्या ४३ हजार कोटींच्या वर. जिओ नवीन असल्यामुळे त्याच्यावर जवळपास काहीच नाही. एअरटेलने बाजारातून पैसा उभा केला आणि उभी राहिली, व्हीआयला ते जमलं नाही. त्या एका तिमाहीत व्हीआयने ५० हजार कोटींच्या वर तोटा दाखवला, तेव्हापर्यंत देशात कुठल्याच कंपनीने एका तिमाहीत एवढा दाखवला नव्हता.

आता चित्र असं आहे की जिओकडे साधारण ४० टक्के गिऱ्हाईकं, एअरटेलकडे ३३-३४, व्हीआयकडे १७-१८ आणि बीएसएनएलकडे ८ च्या आसपास. बाजार किती थोड्या हातांत आहे हे मोजायची एक सोपी पद्धत असते, प्रत्येकाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. दहा सारखे खेळाडू असतील तर १००० येतात, दोन सारखे असतील तर ५०००. आपलं ३००० च्या पुढे जातं. म्हणजे कागदावर चार असूनही प्रत्यक्षात तीन सव्वातीन जणांचा बाजार, आणि त्यातला तिसरा आजारी.

हा आजारी शब्द महत्त्वाचा आहे. लोक म्हणतात व्हीआय आहे ना अजून, मग दोघांचा बाजार कसा? पण तिसऱ्याचं काम काय असतं ते वर बघितलं, भाव पाडणं. कर्जात बुडालेला तिसरा भाव पाडू शकत नाही, त्याला स्वतःलाच महिन्याला जास्त पैसे हवेत. म्हणून जुलै २०२४ मध्ये व्हीआयने पण भाव वाढवले आणि गिऱ्हाईकं मिळवायची चालून आलेली संधी त्याला घेता आली नाही. तिसरा नुसता असून चालत नाही, अंगात दम असलेला पाहिजे.

त्या महिन्यात भाव न वाढवणारी कंपनी एकच होती, बीएसएनएल, आणि पुढे जे झालं तो तर या विषयाचा जिवंत धडा आहे. जुलैमध्ये बीएसएनएलकडे २९ लाख गिऱ्हाईकं वाढली, बाकी तिघांची कमी झाली. सप्टेंबरमध्ये एकट्या जिओची जवळपास ८० लाख सिम कमी झाली. आता तुम्ही म्हणाल मग झाला की धडा, लोकांनी दाखवून दिलं. पण आकडे उलटे बघा. एका गिऱ्हाइकामागे महिन्याला सरासरी किती रुपये येतात हा या धंद्यातला मुख्य आकडा. एअरटेलचा तो सहा महिन्यांत २११ वरून २४५ वर गेला, जिओचा १८१ च्या वरून २०३ वर. म्हणजे गेलेले गेले, राहिलेल्यांकडून जास्त मिळालं, आणि गेलेल्यात दुसरं-तिसरं सिम टाकून देणारे बरेच होते. वर्ष संपायच्या आत बीएसएनएलची गिऱ्हाईकं परत कमी व्हायला लागली, कारण तेव्हा त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी ४जी नव्हतंच. पोर्ट करायचा हक्क आपल्याला २०११ पासून देशभर आहे, पण पोर्ट करून जायचं कुठे? खोऱ्यातल्या एखाद्या गावात एकाच कंपनीची रेंज येत असेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

कायदा काय करतो? आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि तो मुख्यतः दोन गोष्टी पकडतो. एक, कंपन्यांनी आपापसात ठरवून भाव लावला तर, पण त्यासाठी काहीतरी ठरलं होतं हे दिसावं लागतं, मीटिंग, ईमेल, मेसेज, काहीही. दुसरं, एखादी कंपनी किंवा एका मालकाचा समूह वर्चस्वाचा गैरवापर करत असेल तर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं मिळून वर्चस्व अशी गोष्टच या कायद्यात नाही, टॅक्सी ॲपच्या प्रकरणात आयोगाने हे स्पष्ट सांगितलंय. मग समोरची पाटी बघून आपली पाटी बदलली तर तो गुन्हा कुठला? कुठलाच नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की ही गोष्ट संगनमतापेक्षा जास्त काळजीची, फोन करून ठरवत असते तर बरं झालं असतं, कधीतरी पकडले तरी गेले असते. आणि ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, मोबाईलचे दर ठरवणं कंपन्यांवरच सोडलेलं आहे, कंपन्या दर लावतात आणि ट्रायला कळवतात. ही सूट दहा कंपन्या एकमेकांच्या उरावर बसलेल्या होत्या त्या काळात बरोबर होती. आजही तीच चालू ठेवायची का हा प्रश्न मला खरोखर विचारावासा वाटतो.

नवा कोणी का येत नाही? २०२२ च्या ५जी लिलावात जिओने ८८ हजार कोटींचा स्पेक्ट्रम घेतला, एअरटेलने ४३ हजार कोटींचा. त्यावर टॉवर, फायबर, दुकानं. आणि हे सगळं करून आलात तर समोरचे दोघं उद्या भाव अर्धा करू शकतात हे तुम्हाला माहिती असतं. रसवंतीला एक चरक लागतो, इथे लाख कोटी लागतात.

दोन्ही कंपन्यांची बाजूपण मांडायला हवी. इतक्या वेगाने ५जी उभं राहिलं ते त्यांच्याकडे पैसा होता म्हणूनच, आणि जगाच्या मानाने आपला डेटा अजूनही स्वस्तात मोडतो. २०१७ चा भाव कायम टिकणारच नव्हता, तो खर्चाखाली होता. मला राग दरवाढीचा नाही, भाव वाढत असताना त्याला अडवणारं समोर कोणी नाही याचा आहे, कारण ती वाढ सगळ्यांवर सारखी बसत नाही. महिन्याला ४०० चा डेटा वापरणाऱ्याला पन्नास रुपये जास्त गेले तर तो कुरकुरतो आणि भरतो. पण फक्त इनकमिंग चालू ठेवायला लागणारं रिचार्ज बघा. एके काळी लाइफटाइम इनकमिंग मिळायचं, २०१८ च्या शेवटी महिन्याला ३५ रुपये झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये एअरटेलचा सगळ्यात खालचा प्लॅन ७९ चा ९९ झाला, २०२३ मध्ये १५५, २०२४ मध्ये १९९. डेटा स्वस्त झाला त्याच वर्षांत बटणवाला फोन ठेवणं पाचपट महाग झालं. आणि महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. माझ्या एका नात्यातल्या आजींचा फोन असाच बंद पडला होता, आम्हाला वाटलं त्या उचलत नाहीत, आठ दिवसांनी कळलं की रिचार्ज संपलंय. बँकेचा ओटीपी, पेन्शनचा मेसेज, रेशनचा मेसेज, सगळं त्याच नंबरवर.

या ठिकाणी ट्रायने एक काम चांगलं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन काढा. जानेवारीत दोघांनी काढले, आधी लावलेले भाव लोकांनी आणि ट्रायने विचारणा केल्यावर काही दिवसांतच दोघांनी खाली आणले, ८४ दिवसांचा जिओचा ४४८ ला आणि एअरटेलचा ४६९ ला आला. बघा, वरून कोणीतरी बघतंय म्हटल्यावर पाटी बदलते, आणि बदलली तीपण दोघांची पाठोपाठच.

सरकारची अवस्था तर विचित्रच आहे. थकबाकीच्या बदल्यात शेअर घेत घेत एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा व्हीआयमधला हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. बीएसएनएल तर सरकारचीच, तिला २०१९ पासून तीन पॅकेज मिळून तीन लाख कोटींच्या वर दिलेत. म्हणजे तिसरा आणि चौथा दोघंही सरकारच्या जिवावर, आणि स्पेक्ट्रम विकणारं, फी वसूल करणारंही सरकारच. या पैशांवर लोक चिडतात, करदात्याचा पैसा का ओतता म्हणून, आणि चिडणं बरोबरच आहे, पण तो पैसा जर धड नेटवर्क उभं करण्यात गेला तर तो बाकीच्या १०० कोटी सिमांच्या भावावर लावलेला ब्रेक आहे, जे कधीच बीएसएनएल घेणार नाहीत त्यांच्यासुद्धा.

२७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं स्वतःच्या देशात बनवलेल्या यंत्रणेवरचं ४जी देशभर सुरू झालं, साधारण ९७ हजार टॉवर. तुमच्या तालुक्यात त्यातला एखादा असेल तर त्याच्याजवळ जाऊन एकदा व्हिडिओ कॉल लावून बघा, आणि आजी-आजोबांच्या फोनमध्ये १९९ चं टाकत असाल तर पुढच्या वेळी दुकानात फक्त कॉलवाला ८४ दिवसांचा प्लॅन नाव घेऊन मागा, दुकानदार आपणहून तो सांगेलच असं नाही.